कोठीवाल्यांचा फ्रीजर

फ्रीजर सुरू झाला की कूलर मरायचा. अगदी बंद पडायचा नाही. पाती एकेक दिसतील इतक्या सावकाश फिरत राहायची आणि वारा खाटेपर्यंत पोहोचायचा नाही. फ्रीजरचं पोट गार झालं, तो गप्प झाला, की कूलर पुन्हा जीव धरायचा. तोवर अलकाचं पोलकं पाठीला चिकटलेलं असायचं. रिकाम्या खाटेवर बसून ती हे पाहत होती. थोड्या दिवसांनी या खाटेवर किमया झोपणार होती, पोटातल्या बाळासकट.

किमया म्हणजे अलका आणि रत्नाकरची एकुलती एक लेक, देवासला दिलेली. सासरे कारखान्यातून रिटायर झालेले, नवरा सार्थक दुसऱ्या कारखान्यात, कॉलनीत पक्कं घर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात कुणाला बोलण्यासारखं काही नव्हतं. आठव्यात लेकीला हलवत नाहीत, म्हणून नववा लागला की लगेच आणायची असं ठरलं होतं. नववा फार चढला की डॉक्टर गाडीत बसू देणार नव्हते. म्हणजे आणायला मधले थोडेच दिवस. विहीणबाईंनी फोनवर सगळं विचारून घेतलं. दवाखाना किती लांब, अवेळी गाडी मिळते का, आणि शेवटी, "गर्मी फार आहे हो तुमच्याकडे. कूलर वगैरे चालतो ना?"

"चालतो की," अलका म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला. कूलर तेव्हा घरात नव्हताच. दुसऱ्या दिवशी रत्नाकरनं तालुक्याहून, बदनावरहून आणला, ट्रॅक्टरवर बांधून, आणि लावल्यावर कळलं की या घराच्या तारेवर दोघं नांदणार नाहीत. रत्नाकर लाइनमनला घेऊन आला. लाइनमननं डांबाकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, फ्रीजरचं झाकण उघडून आत डोकावला आणि गार हवा तोंडावर घेत थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला की ट्रान्सफॉर्मर म्हातारा आहे, अर्ज द्या, पावसाळ्यानंतर बघू. तोपर्यंत दोघांपैकी एक चालवा.

दोघांपैकी एक. ऐकायला किती सोपं. अलकानं मधल्या खोलीत जाऊन त्या पांढऱ्या पेटाऱ्याकडे पाहिलं. लांबीला माणूस झोपेल एवढा, उंचीला तिच्या छातीपर्यंत. तळातली पिशवी काढायची तर तिला लाकडी स्टुलावर चढून, पोटावर कडा रुतवून, अर्धं अंग आत घालावं लागे. स्टूल फ्रीजरच्या पायाशीच असायचं. पोटावर त्या कडेचा वळ कायमचा झाला होता.

आणला होता तो मटारसाठी. ती रत्नाकरचीच अक्कल. पौषात इकडे मटार मातीमोल होतो; सोलायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, सुकवायचा, भरून ठेवायचा आणि लग्नसराईत जेवणावळी करणाऱ्या हलवायांना विकायचा. पहिल्या वर्षी जमलं. घरात नवीन गाद्या आल्या. अलकाच्या अंगठ्याची नखं दोन महिने हिरवी होती, पण त्याचं तेव्हा कौतुक वाटलं होतं. रत्नाकर येईल-जाईल त्याला फ्रीजरची किंमत सांगायचा, किती दिवसांत वसूल होईल तेही सांगायचा. विकत घेताना सगळे किंमतच बघतात. पुढे त्याला रोज काय खायला लागेल, हे दुकानदार सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

तो खायचा. आधी वीज खाल्ली. गावात बाकी घरांचं बिल सरकारच्या सवलतीत चहापाण्यावर भागायचं. अलकाच्या सासरचं, जगदाळ्यांचं घर ती रेषा ओलांडून पलीकडे गेलं ते गेलंच. मग कमीजास्त वीज सोसायला स्टॅबिलायझर लागला, तो भिंतीवर टकटक करत बसला. दुसऱ्या उन्हाळ्यात झाकणाचं रबर चिरलं. तिसऱ्यात गॅस गेला. एका वर्षी उंदरानं मागची तार कुरतडली आणि स्वतःही मेला, त्याचा वास आठवडाभर गेला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी आत बर्फाचे थर चढायचे, ते अलका लाकडी उलथन्यानं खरवडायची, बर्फ परातीत भरून न्हाणीत टाकायची. बोटं आधी लाल व्हायची, मग पांढरी, मग आपली नाहीतच असं वाटायचं. भाकरी थापताना पिठाचा स्पर्श समजायचा नाही. रत्नाकर म्हणायचा, हातमोजे घे. एवढं म्हणून तो शेतावर जायचा.

आणि हे सगळं मटारासाठी असतं तर तिनं सोसलं असतं. मटाराला आता त्यात तळाचा एक कोपरा होता. बाकीचा फ्रीजर गावाचा होता.

याला कारण तिचे सासरे, प्रतापराव. त्यांचे आजोबा धारच्या दरबारात कोठीवर होते, म्हणजे धान्य, तूप, कापड ज्या कोठारात असे त्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे. दरबार गेला, किल्ल्या गेल्या, जमीन वाटण्यांत बारीक झाली, पण गावात अजून या घराला कोठीवाले म्हणतात. पूर्वी गावातला माणूस यात्रेला निघाला की डागिने इथे ठेवून जायचा, पेरणीचं बी इथे असायचं. प्रतापरावांना हे सांगताना मान आपोआप ताठ व्हायची. कोठीवाल्यांनी आलेली ठेव कधी नाकारली नाही, ठेवीचं कधी काही घेतलं नाही आणि ठेवणारा मागायला येईपर्यंत कधी परत धाडली नाही. फ्रीजर आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शेजारची भवानीबाई म्हशीच्या चिकाची बरणी घेऊन आली. तिची मुलं सुरतेला, ती येईपर्यंत चीक टिकावा एवढीच तिची इच्छा. प्रतापराव ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "रखो ना. घर अपना ही है."

त्या एका वाक्यावर गावानं घर भरून टाकलं. पनीर, कैरीचा गर, कुणाचं उपासाचं पीठ किडू नये म्हणून, कुणाची इंजेक्शनं, सत्यनारायणाच्या आदल्या रात्रीचा रबडीचा डबा. अलकानं ओळखीसाठी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या पिशव्यांना बांधल्या: भवानीबाईची पिवळी, सरपंचाकडची निळी, उमाशंकरची लाल. लोक यायचे, भरदुपारी झाकण सताड उघडं टाकून आपलं शोधत उभे राहायचे, जाताना म्हणायचे, काकी, मजा आहे तुमच्याकडे, घरातच शिमला. अलका हसायची. हसलं नाही तर कोठीवाल्यांची सून कशी.

त्या संध्याकाळी तिनं प्रतापरावांसमोर चहा ठेवला आणि विषय काढला. लोकांना निरोप धाडू या, ज्याचं त्यानं नेऊ दे, किमया असेपर्यंत फ्रीजर बंद ठेवू. तिनं हे दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं, तरी बोलताना आवाज लहान झाला.

प्रतापरावांनी बशी खाली ठेवली. "सूनबाई, उमाशंकरचा मावा आहे ना आत? मुलीच्या लग्नाचा?"

होता. वरच्या अर्ध्या भागात सगळा तोच होता. उमाशंकर समोरच्या आळीतला, दुधाचा धंदा करणारा. थंडीत दूध उदंड म्हणून त्यानं लग्नाचा मावा तेव्हाच आटवून इथे आणून ठेवला होता. लग्न आखातीजेचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं होतं.

"आखातीज होऊ दे," प्रतापराव म्हणाले. "लोकाच्या लेकीचं कार्य आहे. ते उरकलं की आपोआप जागा होईल. ने म्हणून सांगायला जायचं, हे आपल्या घरात झालेलं नाही."

आखातीज म्हणजे किमयाचा नववा लागायच्याही आधी. अलकानं मान हलवली. तिला बरंच वाटलं. भांडावं लागलं नाही, म्हणून.

मग उमाशंकरच्या व्याह्यांकडे कुणी म्हातारं गेलं. सुतक आलं, लग्न पुढे गेलं, वैशाखाच्या अखेरीला.

हे अलकाला कळलं हातपंपावर. घागर भरली होती, वरून पाणी वाहत होतं आणि ती तशीच दांडा मारत राहिली. त्या दुपारी प्रतापरावांचा डोळा लागल्यावर ती डोक्यावर पदर ओढून समोरच्या आळीत गेली. उमाशंकर दुधाचे कॅन धूत होता. कोठीवाल्यांची सून दारात आलेली पाहून तो गडबडून उठला, खाट झटकली, पाणी मागवलं. अलकानं किमयाचं सांगितलं, कूलरचं सांगितलं. बदनावरला बर्फाच्या कारखान्यात मावा ठेवता येतो, तिनं रत्नाकरकडून विचारून घेतलं होतं.

उमाशंकर वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकी, वठे तो भाड़ो लागेगो. ने दा साब ने तो खुद कही थी कि घर को है, पड़्यो रेवा दे. थोड़ा दन की तो वात है."

तिकडे भाडं पडेल, आणि दासाहेब, म्हणजे प्रतापराव, स्वतः घरचं आहे म्हणाले होते. शब्द तिच्याच घरातून आला होता. ती पाणी न पिता उठली. परतताना चपलेचा अंगठा तुटला आणि तापलेल्या मातीवरून एक पाय उचलत, एक टेकत ती घरी आली. ओसरीवर प्रतापराव जागे होते. ती कुठे गेली होती, हे त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी चहा घेतला नाही.

मग रत्नाकरनं एक युक्ती केली. दुपारचा फ्रीजर बंद ठेवायचा, तेवढा वेळ कूलर. इकडे उन्हाळ्यात वीज तशीही तास-तास जाते; त्यात ही बंदी आणि त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची झाकणं. दोन दिवसांतच पिशव्यांना पाणी सुटलं. माव्याचा वरचा गोळा बोटानं दबला. प्रतापरावांनी स्वतः येऊन बोट लावून पाहिलं, त्यांचा चेहरा पडला, आणि त्यांनी फ्रीजरचा खटका चालू केला. लोकाच्या लग्नात मावा नासला तर कोठीवाल्यांनी तोंड कुठे दाखवायचं, हे न बोलताच सगळ्यांना समजलं. कूलर पुन्हा सावकाश फिरू लागला.

नववा लागला त्या रविवारी सार्थक आला. खोली बघायला असं कुणी म्हणालं नाही; बाळाची दुपटी आणि किमयाची औषधं आधी पोचवायला, असं म्हणाला. अलकानं श्रीखंड केलं होतं. जेवून तो आतल्या खोलीत त्या खाटेवर टेकला आणि मधल्या खोलीत फ्रीजर घुरघुरला. दिवा पिवळा पडला. कूलरची पाती दिसू लागली. सार्थक त्यांच्याकडे पाहत राहिला. शर्टाच्या काखा भिजल्या, मानेवरून ओघळ कॉलरमध्ये गेला. अलका दारात टॉवेल घेऊन उभी होती. तिला वाटलं, यानं काहीतरी म्हणावं, म्हणजे आपल्याला सांगता येईल की थोडेच दिवस, मावा गेला की झालं. पण चांगल्या घरचा मुलगा तो. टॉवेल घेतला, तोंड पुसलं, "आई, ये तो बस व्होल्टेज का है ना," एवढं म्हणाला आणि उन्हं उतरायच्या आत निघाला. जाताना प्रतापरावांच्या पाया पडला. प्रतापरावांनी त्याच्या हातात उमाशंकरकडच्या लग्नाचं आमंत्रण कार्ड ठेवलं, तुम्हीही या म्हणून.

त्यानंतर देवासहून रोज येणारा फोन एक दिवसाआड येऊ लागला. किमया बोलायची, पण तिच्या मागे कुणीतरी असल्यासारखं बोलायची. कधी येऊ न्यायला, असं अलकानं विचारलं की म्हणायची, बघते आई, डॉक्टरांना दाखवून सांगते. अलका दिवसभर कामात असायची. तिनं डिंकाचे लाडू वळले, बाळंतिणीच्या शेकासाठी गोवऱ्या रचल्या, जुन्या मऊ धोतरांची लंगोटं शिवली. खाटेखाली शेगडीची जागा केली आणि मग तिथेच बसून राहिली. अशा उन्हात, अशा खोलीत शेक कसला द्यायचा, ती लेक घुसमटून जाईल. तिला त्या फ्रीजरचा इतका राग आला की उठून एक लाथ घालावी. घातलीही. पायाचा अंगठा सुजला, फ्रीजरला काही झालं नाही.

लग्न झालं. वाजतगाजत झालं. उमाशंकरनं आदल्या पहाटे माणसं आणून मावा नेला, लाल चिंध्या खाली पडल्या त्या अलकानं गोळा केल्या. पंगतीत प्रतापरावांना लोडाशी बसवलं आणि चार लोकांत उमाशंकर म्हणाला की दासाहेबांच्या कृपेनं इज्जत राहिली. प्रतापराव मान ताठ करून घरी आले. हातात बर्फीचा पुडा होता, त्याच माव्याची.

अलकानं वाट पाहिली नाही. दुसऱ्या सकाळीच तिनं फ्रीजरचा खटका बंद केला. स्टुलावर चढून एकेक पिशवी काढली, परातीत घातली, परात डोक्यावर घेतली आणि दारोदार गेली. पिवळी चिंधी भवानीबाईकडे, निळी सरपंचाकडे. कुणी विचारलं बिघडला का, तिनं हो म्हटलं. कुणी म्हणालं, अरे, आता हे कुठे ठेवायचं? तिनं त्यालाही हो म्हटलं. परातीतून गार पाणी तिच्या कानावरून मानेत उतरत होतं आणि वरून ऊन भाजत होतं. चौथ्या खेपेला ओसरीवरून जाताना प्रतापराव म्हणाले, "सूनबाई, निदान रत्नाकरला..." आणि थांबले. ती थांबली नाही.

शेवटी आत उरला तो त्यांचा मटार. तो तिनं गाईपुढे टाकला. फ्रीजर पुसला, झाकण उघडंच ठेवलं. आतल्या खोलीत कूलर असा जोरात सुटला की खुंटीवरची लंगोटं उडायला लागली. ती हात ओले करून त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिनं देवासला फोन लावला. उद्याच येतो न्यायला, सांगायचं होतं.

फोन विहीणबाईंनी उचलला. त्या फार गोड बोलल्या. काल डॉक्टरांनी पाहिलं म्हणाल्या, बाळ खाली सरकलंय, गाडीचा प्रवास नको म्हणाले. चार-आठ दिवस आधी असतं तर गोष्ट वेगळी. इथे खोलीत एसी बसवून घेतलाय, तिची काळजी करू नका. मग किमयाला फोन दिला. आधी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"आई, तू ये ना इकडे," ती म्हणाली. "मला तू हवी आहेस."

अलका बघते म्हणाली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, राहायचं तर लांबच, ही या घराची रीत. लग्नानंतर दोनदा ती देवासला गेली होती आणि दोन्ही वेळा पाण्याची बाटली बरोबर नेली होती. बाळंतपण त्यांच्या घरात आणि आई तिथे मुक्कामाला, हे प्रतापरावांना सांगायचं कसं?

ती ओसरीवर आली. प्रतापरावांनी आतलं ऐकलं होतं बहुतेक. पुडा तसाच बांधलेला त्यांच्या मांडीवर होता.

"आबासाहेब," ती म्हणाली, "उमाशंकरच्या मुलीचं लग्न झालं. माझी मुलगी नाही आली."

एवढंच. रडली नाही, तेवढं अंगात उरलंही नव्हतं. आत जाऊन ती किमयाच्या खाटेवर आडवी झाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती दुपारची कधी आडवी झाली नव्हती. कूलरचा वारा तळपायांना लागला, पोटावरच्या वळाला लागला. तिला कशाचंच काही वाटेना आणि झोप मात्र आली.

जाग आली ती ओसरीवरच्या आवाजानं. भवानीबाई होती. म्हैस व्याली म्हणून सांगत होती, पहिल्या धारेचा चीक आणला होता, मुलं येईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवायला. सकाळी सगळं परत आलं, दुरुस्त झाला का आता?

प्रतापरावांची काठी ओसरीवर वाजली. अलका डोळे मिटून ऐकत होती. आता ते म्हणणार, रखो ना, आणि आपल्याला उठावं लागणार. तिनं एक पाय खाटेखाली सोडलासुद्धा.

"बंद है," प्रतापराव म्हणाले.

"कब चालू होगा, दासाहेब?"

"नहीं होगा. बरणी ले जाव." मग खोकला आला, तो त्यांनी आवरला. "और आवाज जरा कम. हमारी सूनबाई सोई हैं. कल उनको देवास जाना है, बिटिया के पास. महिना-डेढ़ महिना वहीं रहेंगी."

भवानीबाईनं आश्चर्यानं काहीतरी विचारलं, राहतील? त्यांच्याकडे? जेवतील-खातील?

"खाएँगी नहीं तो बाळंतीण को कैसे सँभालेंगी," प्रतापराव म्हणाले आणि मग नुसताच काठीचा आवाज आला.

अलकाशी ते यातलं एक अक्षर बोलले नव्हते, बोलणारही नव्हते. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. नंतर उठली, तोंडावर पाणी मारलं. डिंकाच्या लाडवांचा डबा बांधला. माळ्यावरची बॅग काढायची होती, म्हणून स्टूल आणायला मधल्या खोलीत गेली. ते उघड्या फ्रीजरच्या पायाशीच होतं.